‘किफायतशीर’ ठरलेली चाचणी सरकारी कार्यक्रमात का येत नाही?

प्रश्न जिल्हा पातळीवर असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात काम करणाऱ्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा: गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही डीएनए चाचणी (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू प्रयोगशाळेत शोधणारी) व्हीआयएपेक्षा (ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी तपासण्यापेक्षा) सरस असल्याचं महाराष्ट्रातल्याच अभ्यासात दिसलं, जागतिक आरोग्य संघटना तिचीच शिफारस करते, ती किफायतशीर आहे असे शोधनिबंधही आहेत. तरी सरकारी तपासणी व्हीआयएवरच का चालते? आणि राज्याकडे प्रस्ताव पाठवायचा तर आर्थिक अभ्यास कसा करावा?

‘सरकारला संशोधन कळत नाही’ हे उत्तर सोपं आहे, पण बहुतेक वेळा चुकीचं. खरी अडचण अशी की शोधनिबंध एका प्रश्नाचं उत्तर देतो आणि मंत्रालयातल्या फाइलीवर दुसराच प्रश्न असतो. निबंध विचारतो, ‘चाचणी चांगली आहे का, आणि पैशाच्या मानानं फायदा पुरेसा आहे का?’ फाइल विचारते, ‘कोणत्या दराने, किती बायकांसाठी, पॉझिटिव्ह आलेल्यांवर उपचार कुठे, आवर्ती खर्च कोणत्या लेखाशीर्षातून (अंदाजपत्रकातल्या कोणत्या खात्यातून), आणि यासाठी काय थांबवायचं?’ तुमचा अभ्यास दुसऱ्या प्रश्नापासून मागे मागे यायला हवा.

आधी पुरावा नीट वाचू. जुन्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेली चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचं ते काम. तपासणीची एकच फेरी झाली. एचपीव्ही गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, व्हीआयए गटात मात्र लक्षणीय घट दिसली नाही. इथपर्यंत तुमचं बरोबर. पण मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनेच केलेला दुसरा अभ्यास २०१४ मध्ये आला. तिथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हीआयए केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे व्हीआयए निरुपयोगी नाही. ती किती वेळा होते आणि करणाऱ्या बाईचा डोळा किती तयार आहे, यावर तिचं सगळं अवलंबून आहे. ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग ओळखायचा. ओळखणं हे कौशल्य आहे आणि सराव सुटला की ते जातं.

आता अर्थशास्त्र. भारतासाठी चंदिगडच्या पीजीआयएमईआर या वैद्यकीय संस्थेच्या गटाने केलेल्या मूल्यमापनात दर पाच वर्षांनी व्हीआयए हाच पर्याय पैशाच्या मानाने पुढे आला. मग ‘एचपीव्ही किफायतशीर’ म्हणणारे निबंध खोटे का? नाही. फरक तुलना कशाशी केली यात आहे. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून आकड्यांत दाखवतो. हे आकडे फक्त हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत, कुठल्या अभ्यासातले नाहीत.

समजा १०,००० स्त्रिया. व्हीआयएचा खर्च बाईमागे १५० रुपये, म्हणजे १५ लाख. पुढच्या उपचाराचा निव्वळ खर्च ५ लाख. एकूण २० लाख. त्यातून ८० क्वॉली मिळतात (पूर्ण तब्येतीत जगलेलं एक वर्ष म्हणजे १ क्वॉली). डीएनए चाचणी बाईमागे ७०० रुपये, म्हणजे ७० लाख अधिक ५ लाख, एकूण ७५ लाख. मिळतात ११० क्वॉली. ‘काहीच न करणं’ याच्याशी तुलना केली तर व्हीआयएला एका क्वॉलीमागे २५,००० रुपये पडतात आणि डीएनए चाचणीला सुमारे ६८,०००. दोन्ही स्वस्तच वाटतात. पण तुमच्या जिल्ह्यात ‘काहीच नाही’ ही स्थिती नाही, व्हीआयए चालू आहे. म्हणून योग्य प्रश्न हा की व्हीआयएवरून डीएनएवर जाताना वरच्या ५५ लाखांत काय मिळतं? ३० क्वॉली. एका क्वॉलीमागे १ लाख ८३ हजार. त्याच चाचणीचे हे दोन आकडे, ६८ हजार आणि १ लाख ८३ हजार. पहिला छापून आणता येतो, दुसऱ्यावर निर्णय होतो.

हा आकडा ज्याच्याशी ताडून पाहायचा तो उंबरठा, म्हणजे एका क्वॉलीसाठी जास्तीत जास्त किती खर्च पटतो ती मर्यादा, भारतात सहसा दरडोई सकल देशांतर्गत उत्पादनाइतकी, म्हणजे सध्या दोन लाखांच्या थोडी वर धरली जाते. दरडोई उत्पादनाच्या तिपटीपर्यंत चालतं, हे अजूनही काही प्रबंधांत दिसतं. ती एक ते तीन पट जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या चौकटीतून आली आणि संघटनेच्याच तज्ज्ञांनी २०१६ मध्ये ती निर्णयाचा नियम म्हणून वापरू नका असं लिहिलं. माझं मत विचाराल तर एक पटही सैलच आहे. ज्या राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या महिना महिना संपलेल्या असतात, तिथे तोच पैसा त्या गोळ्यांवर लावून क्वॉली बऱ्याच कमी किमतीत मिळते.

पण १ लाख ८३ हजार हा आकडाही दगडावरची रेघ नाही. तो प्रामुख्याने दोन स्थानिक गोष्टींवर फिरतो आणि त्या दोन्ही तुम्हीच मोजू शकता.

पहिली गोष्ट, पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी उपचारापर्यंत किती पोचतात. वरच्या हिशेबात दोन्हीकडे ८५ टक्के धरले आहेत. व्हीआयएचा निकाल जागेवर मिळतो आणि थर्मल ॲब्लेशनचं (उष्णतेने बिघडलेल्या पेशी नष्ट करण्याचं) यंत्र हाताशी असेल, रुग्ण त्यासाठी योग्य असेल, तर उपचारही त्याच फेरीत होतो. डीएनए नमुना प्रयोगशाळेत जातो, निकालाला दिवस लागतात, मग बाईला फोन करायचा, तिने पुन्हा यायचं. शेतमजुरी करणाऱ्या बाईची दुसरी फेरी म्हणजे बुडालेला रोज, गाडीभाडं आणि घरात द्यावं लागणारं स्पष्टीकरण. डीएनएच्या बाजूला हे प्रमाण ५० टक्क्यांवर आलं तर ११० क्वॉलींच्या जागी सुमारे ६५ उरतात. व्हीआयएच्या ८० पेक्षा कमी! म्हणजे चाचणी महागही आणि फायदाही कमी. अशा वेळी मॉडेल कितीही देखणं असो, प्रस्ताव तिथेच संपला.

दुसरी गोष्ट उलट दिशेने खेचते: तुमच्याकडची व्हीआयए खरोखर कशी होते? धाराशिवच्या अभ्यासात व्हीआयए पॉझिटिव्हचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं आणि एचपीव्हीचं सुमारे १०. तुमच्या उपकेंद्रांच्या नोंदवहीत हजार तपासण्यांमागे चार-पाच पॉझिटिव्ह दिसत असतील, किंवा एका केंद्रात शून्य आणि शेजारच्या केंद्रात पंचवीस टक्के असतील, तर तिथे तपासणी नाही, नोंदणी चालली आहे. अशा व्हीआयएला ८० नाही, ४० क्वॉली द्या. मग डीएनएचा जादा फायदा ७० क्वॉली होतो आणि तेच ५५ लाख एका क्वॉलीमागे सुमारे ७९ हजारांवर येतात. उंबरठ्याच्या निम्म्याहूनही खाली.

म्हणून परदेशी मॉडेलमध्ये भारतीय किमती घालून काढलेला निकाल मला पटत नाही. चाचणीची संवेदनशीलता (खरोखर दोष असलेल्यांपैकी किती जणी ती पकडते) निबंधातून घेतली तर चालते. पाठपुरावा आणि व्हीआयएची गुणवत्ता मात्र जिल्ह्यातूनच यायला हवी.

आणखी एक मुद्दा अनेकांच्या नजरेतून सुटतो. तुलना चाचण्यांची नसते, वेळापत्रकासकट धोरणांची असते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे व्हीआयए ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी, म्हणजे आयुष्यात सातेक वेळा. जागतिक आरोग्य संघटनेचं उद्दिष्ट वयाच्या ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा चांगल्या क्षमतेची चाचणी होणं, असं आहे. वरच्याच दरांनी सात व्हीआयए म्हणजे १,०५० रुपये, दोन डीएनए चाचण्या म्हणजे १,४००. अंतर एकदम आटलं. शिवाय सात वेळा बोलावून बाई सात वेळा येत नाही, हे कार्यक्रमात काम करणाऱ्याला सांगायला नको. रजोनिवृत्तीनंतर तपासायचा भाग आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीपुढे व्हीआयए भरवशाची राहत नाही. मग ‘पन्नाशीपुढे फक्त डीएनए’ हाही एक पर्याय होतो. अभ्यासात किमान चार पर्याय ठेवा: आहे तशी व्हीआयए, प्रशिक्षण देऊन सुधारलेली व्हीआयए, आयुष्यात दोनदा डीएनए, आणि वयानुसार मिश्र. ‘सुधारलेली व्हीआयए’ हा पर्याय गाळू नका. वित्त विभागाचा पहिला प्रश्न तोच येतो: आहे तेच नीट केलं तर?

आता खर्च कसा काढायचा. दरपत्रकातली किटची किंमत म्हणजे चाचणीचा खर्च नव्हे. संच, नमुना घेण्याचा ब्रश आणि बाटली, वाहतूक, तंत्रज्ञाचा वेळ, वाया गेलेले आणि पुन्हा कराव्या लागलेल्या नमुन्यांचा खर्च, नियंत्रण नमुने, वीज, यंत्राची देखभाल, प्रशिक्षण, आशाताईंचा मोबदला, निकाल कळवण्याचा खर्च हे सगळं यायला हवं. यंत्राची किंमत एका वर्षात टाकायची नाही, ती त्याच्या आयुष्यावर पसरायची. दहा लाखांचं यंत्र, आयुष्य आठ वर्षं, सवलत दर (पुढच्या काळातला पैसा किंवा फायदा आज दरवर्षामागे जितका कमी धरायचा तो दर) ३ टक्के: वर्षाला सुमारे १ लाख ४२ हजार पडतात. देखभाल करार वर्षाला ५० हजार धरला तर १ लाख ९२ हजार. वर्षात २८० दिवस रोज दहा चाचण्या झाल्या तर एका चाचणीमागे यंत्राचा भार सुमारे ६९ रुपये. रोज दोनच झाल्या तर ३४४. यंत्र तेच, किट तेच, चाचणी पावणेतीनशे रुपयांनी महाग. प्रस्तावातली अपेक्षित संख्या जर ‘पात्र लोकसंख्या भागिले दिवस’ अशी काढली असेल तर तुमचा दर कागदावरच स्वस्त आहे.

इथे एक फायद्याची शक्यता आहे. क्षयरोग कार्यक्रमासाठी आलेली ट्रूनॅट आणि सीबीनॅट यंत्रं अनेक तालुक्यांत आहेत आणि त्याच प्रकारच्या यंत्रांवर एचपीव्हीची चाचणीही करता येते. यंत्र दिवसाचा अर्धा वेळ रिकामं असेल तर भांडवली खर्च जवळजवळ वाचतो. मात्र यंत्र रिकामं आहे हे दोन महिन्यांच्या लॉगबुकवरून दाखवा. क्षयाच्या थुंकी नमुन्यांना उशीर होणार असेल तर ती बचत नाही, दुसऱ्या कार्यक्रमाच्या खांद्यावर टाकलेला खर्च आहे.

रुग्णाचा खर्च वेगळ्या रकान्यात दाखवा: प्रवास, बुडालेला रोज, सोबत आलेल्या माणसाचा रोज. सरकारच्या तिजोरीतून तो जात नाही म्हणून वगळायचा मोह होतो, पण दुसऱ्या फेरीला बाई का येत नाही याचं कारण त्याच रकान्यात असतं.

सवलत दराकडे इथे जास्त लक्ष द्या. तपासणीचा खर्च आज होतो आणि टळलेला कर्करोग पंधरा-वीस वर्षांनी. ३ टक्के दराने वीस वर्षांनंतरची एक क्वॉली आज ०.५५ इतकीच धरली जाते. मूळ हिशेब खर्च आणि फायदा दोन्हीला ३ टक्के लावून करा, पण ० आणि ५ टक्क्यांनी काय होतं तेही दाखवा. कर्करोग तपासणीत ही तफावत मोठी असते आणि परीक्षक तिच्यावर बोट ठेवणारच.

नोंदी गोळा करायला मोठ्या प्रकल्पाची गरज नाही. एक तालुका घ्या, तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि त्यांचं रेफरल असलेलं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. सहा महिन्यांच्या नोंदवह्यांतून एकच साखळी काढा: बोलावलेल्या, आलेल्या, तपासलेल्या, पॉझिटिव्ह, पाठवलेल्या, पोचलेल्या, कोल्पोस्कोपी (भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुखाची बारकाईने तपासणी) झालेल्या, उपचार झालेल्या, आणि प्रत्येक कडीला लागलेले दिवस. नोंदवहीत ‘रेफर केले’ असतं, ‘पोचली’ बहुधा नसतं. ते रुग्णालयाच्या ओपीडी वहीत शोधावं लागतं. नाव आणि गाव जुळवताना माहेर-सासरच्या नावांचा गोंधळ होतो, म्हणून फोन नंबर आणि तारखेवरून जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण अभ्यासाचा अर्धा जीव तिथे आहे. नैतिक समितीची परवानगी वह्या उघडण्याआधी घ्या.

किमतीबद्दल. अनिश्चिततेचं विश्लेषण सगळे करतात, हजार वेळा मॉडेल चालवून ‘इतक्या टक्के शक्यतेने किफायतशीर’ असा आलेख लावतात. अधिकाऱ्याला त्याचा उपयोग बेताचाच. त्याऐवजी उलटा हिशेब द्या: कोणत्या दराला ही चाचणी उंबरठ्याच्या आरामात खाली येते? वरच्या उदाहरणात बाईमागचा खर्च ७०० वरून ४५० झाला तर जादा खर्च ५५ ऐवजी ३० लाख आणि एका क्वॉलीमागे १ लाख. हा आकडा खरेदी करणाऱ्याच्या हातात हत्यार होतो. थायलंडने एचपीव्ही लसीबाबत हेच केलं. आरोग्य तंत्रज्ञानाचं मूल्यमापन करणाऱ्या त्यांच्या हायटॅप या संस्थेच्या सुरुवातीच्या मूल्यमापनात लस त्या वेळच्या किमतीला परवडणारी ठरली नाही. किंमत उतरल्यावर ती २०१७ मध्ये राष्ट्रीय लसीकरणात आली. आपल्याकडेही स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅब या औषधाच्या मूल्यमापनात वर्षभराचा उपचार किंमत कमी झाल्याशिवाय बसेना, नऊ आठवड्यांचा मात्र बसला. ‘नाही’ या उत्तरापेक्षा ‘या दराला होय’ हे उत्तर फाइल पुढे सरकवतं.

त्यानंतर अंदाजपत्रकावरचा भार. हा वेगळा तक्ता आहे आणि निबंधात तो बहुधा नसतोच. २५ लाख लोकसंख्येच्या जिल्ह्यात ३० ते ६५ वयाच्या स्त्रिया साधारण पाच लाख. पाच वर्षांत सगळ्या म्हटलं तर वर्षाला एक लाख. प्रत्यक्षात ४० टक्के आल्या तर ४०,०००. बाईमागे जादा ५५० रुपये म्हणजे वर्षाला २ कोटी २० लाख, एका जिल्ह्याचे. पाच वर्षांचा तक्ता करा, आवर्ती आणि अनावर्ती खर्च वेगळे दाखवा. मृत्यू टळल्यामुळे वाचणारा कर्करोग उपचारांचा पैसा या तक्त्यातून वजा करू नका. तो पंधरा-वीस वर्षांनी वाचतो, तोही दुसऱ्या लेखाशीर्षात, बराचसा महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली. यंदाच्या तरतुदीत त्याचा एक रुपयाही दिसणार नाही, आणि वित्त विभागाला ते पक्कं ठाऊक असतं.

तपासणी वाढली की कोल्पोस्कोपीची रांगही वाढते. वर्षाला ४०,००० तपासण्या आणि १० टक्के पॉझिटिव्ह म्हणजे ४,००० स्त्रिया. त्यातल्या निम्म्यांना जरी पुढची तपासणी लागली तरी २८० दिवसांत रोज सात. जिल्ह्यात कोल्पोस्कोप किती आणि ते वापरणारे स्त्रीरोगतज्ज्ञ किती, हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवा. तो नसला की तज्ज्ञ समितीत घोडं इथेच अडतं.

कुणाकडे आणि केव्हा जायचं, हे राज्यानुसार बदलतं. केंद्रात आरोग्य संशोधन विभागाखाली एचटीएआयएन ही आरोग्य तंत्रज्ञानाचं मूल्यमापन करणारी यंत्रणा २०१७ पासून आहे. राज्य सरकार तिच्याकडे विषय पाठवू शकतं, आणि मुंबईची आयसीएमआरची प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था तिच्या केंद्रांपैकी एक आहे. विषय विभागाने मागितलेला असेल तर निकालाला वाली असतो. आपणहून केलेल्या उत्तम अभ्यासालाही तो नसतो. या यंत्रणेने सिरिंजचा अभ्यास केला तेव्हा पुनर्वापर रोखणारी सिरिंज परवडणारी ठरली, सुईची इजा टाळणारी त्या वेळच्या किमतीला नाही. ‘सुरक्षित सिरिंज घ्या’ असा मोघम निष्कर्ष न काढता कोणती घ्या हे सांगितलं, म्हणून तो वापरण्याजोगा झाला.

वेळ सांभाळा. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा कृती आराखडा हल्ली दोन वर्षांसाठी बनतो. तो मंजूर झाल्यावर आलेला अहवाल म्हणजे वरातीमागून घोडं. जिल्ह्यापुरता प्रायोगिक टप्पा करायचा असेल तर जिल्हा नियोजन समितीचा निधी हा जवळचा रस्ता. पण त्यातून यंत्र घेता येईल, दरवर्षीच्या किटांची हमी मिळणार नाही, आणि किटांविना झाकून ठेवलेली यंत्रं प्रत्येकाने पाहिली आहेत. राज्यभर करायचं झालं तर दरकरार महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडून. निविदेत फक्त यंत्राची किंमत न मागता प्रति निकाल दर मागावा, देखभाल आणि वाया जाणारे नमुने पुरवठादाराच्या अंगावर ठेवून, हे अहवालातच सुचवा.

तुमच्याकडून राज्यात जाणारा कागद दोन पानांचा असू द्या. सगळं मॉडेल जोडपत्रात. पहिल्या पानावर चार पर्यायांचा तक्ता: खर्च, क्वॉली, टळणारे कर्करोग, पाच वर्षांचा भार. दुसऱ्यावर निकाल कशाने फिरतो ते: पाठपुरावा किती टक्क्यांखाली गेला की डीएनए चाचणी व्हीआयएपेक्षा मागे पडते आणि कोणत्या दराला ती आरामात बसते. वरच्या उदाहरणात पाठपुराव्याची ती रेषा सुमारे ६२ टक्क्यांवर आहे. तुमच्या तालुक्याचा आकडा त्याखाली निघाला, तर प्रस्ताव डीएनए किटांचा करू नका. आधी निकाल कळवणारी एक परिचारिका, बायकांना रुग्णालयापर्यंत नेणारी गाडी आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्याचे दोन ठरलेले कोल्पोस्कोपी दिवस मागा.